गॅलरीतलं मीठ

१

आल्मूटने घंटा वाजवली नाही, तळहाताने दार बडवलं.

"गेझिना, वर चल. माझी झाडं मेली."

मी दुसऱ्या मजल्यावर राहते, ती तिसऱ्या. चपला घालायलाही तिने मला वेळ दिला नाही. सप्टेंबर संपत आला होता आणि ब्रेमेनमध्ये त्या वर्षी उन्हाळा पाहुण्यासारखा चिकटून बसला होता. आल्मूटची गॅलरी दक्षिणेकडे तोंड करून आहे. कठड्याला आतून बांबूची चटई बांधलेली, रस्त्यावरून काही दिसू नये म्हणून. त्या चटईआड तिने मे महिन्यापासून तीन गांजाची झाडं वाढवली होती. नव्या कायद्याने माणशी तीन झाडं चालतात. त्यामुळे लपवाछपवी नव्हती. फक्त वास होता.

आता तिन्ही झाडं माना टाकून उभी होती. पानांच्या कडा जळक्या कागदासारख्या तपकिरी, कुरकुरीत. फुलांचे जाड तुरे, जे ऑक्टोबर लागताच कापायचे होते, ते सुकून काळे पडत होते. त्यांच्यामागे कठड्याशी एक छोटी कुंडी होती कांद्याच्या पातीची. ती मात्र हिरवीगार.

"पाणी घालत होतीस ना?"

"अगं, पोटच्या पोरांसारखं बघत होते मी त्यांच्याकडे!"

गॅलरीच्या दारात चाकांच्या खुर्चीत हिनरिश बसला होता, आल्मूटचा नवरा. बंदरात क्रेन चालवायचा. गेल्या वर्षी सुटलेल्या साखळीने त्याचा उजवा पाय चिरडला आणि डॉक्टरांनी तो मांडीपासून काढला. पाय गेला, पण पायाचं दुखणं राहिलं. नसलेली बोटं पिळवटायची, नसलेल्या टाचेत खिळे घुसायचे. गोळ्यांनी फरक पडेना. मागच्या हिवाळ्यात कोणा ओळखीच्याने घरचा गांजा आणून दिला, आणि हिनरिशला पहिल्यांदा आराम पडला. तेव्हापासून आल्मूटचा देव त्या तीन कुंड्यांत होता.

माझा उभा जन्म विमा कंपनीत गेला, नुकसानीचे दावे तपासण्यात. फुटलेले नळ, भिजलेले गालिचे, जळलेली स्वयंपाकघरं. काही खराब झालेलं दिसलं की मी अजूनही आधी वाकते आणि मग बोलते. तशी वाकले. कुंडीतल्या मातीवर पांढरट खपली होती. बोटाने खरवडली आणि जिभेला लावली.

"शी! काय करतेस?" आल्मूट ओरडली.

"मीठ आहे," मी म्हटलं.

"मीठ? कुंडीत मीठ कुठून येईल?"

"आपोआप येत नाही. कोणीतरी घातलंय."

हिनरिशने खुर्चीचा ब्रेक लावला, काढला, पुन्हा लावला. आल्मूटचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी रडवेला होता, आता दगड झाला.

"आम्ही गुरुवार ते शनिवार इस्पितळात होतो," ती म्हणाली. "किल्ली एकीकडेच होती."

२

किल्ली होती योलांताकडे.

योलांता आल्मूटच्या शेजारच्या बिऱ्हाडात राहते. मूळची पोलंडमधली. चार लहान मुलं दिवसभर घरी सांभाळते. त्याचा तिच्याकडे सरकारी परवाना आहे आणि त्या परवान्यावर तिचं घर चालतं. हिनरिशला आंघोळीला उचलायचं तर आल्मूटला एकटीला जमत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा योलांताच जायची, फुकट. आणि आता आल्मूटने, मी कपडे बदलून येईपर्यंत, तिच्या दारात जाऊन किल्ली परत मागितली होती. जिन्यात. मोठ्या आवाजात. मुलीला घ्यायला आलेल्या एका बापासमोर.

मी गेले तेव्हा योलांता जमिनीवर बसून लाकडी ठोकळे गोळा करत होती.

"या, फ्राऊ आल्टहॉफ. तुम्ही पण विचारा," ती म्हणाली; मला ती आडनावानेच हाक मारते. "मीठ कुठे ठेवतेस, किती वापरतेस."

"मी भांडायला नाही आले."

"मग खरं सांगते. मला त्या झाडांचा राग होता. खोटं कशाला बोलू? खिडकी उघडली की वास. मुलांचे आई-बाप नाक वर करून हुंगायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी आल्मूटला दोनदा म्हटलंसुद्धा, बाई, पुढल्या वर्षी दुसरीकडे कुठे लाव." तिने एक ठोकळा टोपलीत आपटला. "पण मी मीठ घातलं असतं ना, तर एकाच दिवशी बादलीभर घातलं असतं, आणि सांगून घातलं असतं!"

"पाणी कधी घातलंस?"

"गुरुवारी सकाळी, ती किल्ली देऊन गेल्यावर. तेव्हाच मला झाडं बरी दिसली नाहीत. थांबा."

तिने फोन काढून दाखवला. फोटोत आल्मूटची गॅलरी होती. तारीख गुरुवारची. तिन्ही झाडं उभी होती, पण पानांची टोकं तपकिरी झालेली स्पष्ट दिसत होती.

"हा आल्मूटला पाठवला नाहीस?"

"ती इस्पितळात. तिला कशाला आणखी घोर लावायचा? म्हटलं, ऊन लागलं असेल."

मी फोटो बघत राहिले. मीठ दिल्याबरोबर पानांची टोकं जळत नाहीत, काही दिवस जातात. म्हणजे किल्ली योलांताच्या हातात पडली त्याआधीच कोणीतरी सुरुवात केली होती.

"हा फोटो जपून ठेव," मी म्हटलं.

"कशाला? ज्या बापाने ते जिन्यात ऐकलं ना, त्याने आत्ताच फोन करून कळवलंय. त्याची मुलगी उद्यापासून येणार नाही." ती उठली. "आणि आल्मूट म्हणाली, उद्या ती पोलिसात जाणार. गांजा, लहान मुलं आणि पोलीस. माझा परवाना राहील, फ्राऊ आल्टहॉफ?"

३

योलांता नाही, तर मग वरचे हेर, म्हणजे श्रीयुत, डेटमान.

बरोबर आल्मूटच्या डोक्यावर राहणारा हा सडा माणूस. वासाबद्दल त्याने घरमालकाकडे, नगरपालिकेकडे आणि एकदा तर अग्निशमन दलाकडे तक्रार केली होती. शिवाय हिवाळ्यात पायऱ्यांवरच्या बर्फावर टाकायला तळघरात मिठाचं पोतं ठेवणारा आमच्या इमारतीत तो एकटाच.

"तुम्ही येणारच होतात," दार उघडून तो म्हणाला. "पोतं बघायचंय ना? चला."

तळघरात त्याने दिवा लावला. पोत्याची शिवण तशीच होती. मागचा हिवाळा कोरडा गेला होता, पोतं उघडलंच नव्हतं. मी बोट घालायला भोक शोधलं, तेही नव्हतं.

"वरून काही ओतलं नाहीत?"

"ओतलं असतं तर झाडांच्या डोक्यावर पडलं असतं. पानांवर पांढरे डाग आहेत?"

नव्हते. ते मी आधीच पाहिलं होतं. शिवाय वरून ओतलेलं पाणी कांद्याच्या पातीला चुकवून फक्त तीन कुंड्यांत पडत नाही.

"फ्राऊ आल्टहॉफ, मी तक्रार करणारा माणूस आहे," तो छाती पुढे काढून म्हणाला. "तक्रार करणारा गुपचूप काही करत नाही. गुपचूप काम झालं तर तक्रारीला उरलं काय?"

मला हसू आलं. तो मात्र हसत नव्हता. दिवा मालवताना खालच्या आवाजात म्हणाला, "रात्री तो कण्हतो, मला ऐकू येतं. वासाचं मी बोलतो. त्याच्या कण्हण्याबद्दल कधी काही बोललो का?"

"हल्ली कण्हतो? की अपघातानंतर कण्हायचा?"

"नेहमीच. गेला हिवाळाभरसुद्धा. मध्ये मध्ये तर जास्तच. तोंडात उशी धरल्यासारखा आवाज येतो."

जिना चढता चढता मी मध्येच थांबले. गेला हिवाळाभर तर हिनरिशला आराम होता. आल्मूटने मला शंभरदा सांगितलं होतं.

४

पोलिसात जाण्याआधी मला भेट, असं मी आल्मूटला कळवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. ती बटाट्याचं सूप ढवळत होती. हिनरिश आत पलंगावर पडला होता.

"योलांताने नाही घातलं," मी म्हटलं आणि फोटोचं सांगितलं.

"फोटो!" ती म्हणाली. "फोटो काय, आधी मीठ घालून मग काढला असेल."

"आधी कधी? किल्ली नव्हती तिच्याकडे. आंघोळीला येते तेव्हा तू समोर असतेस ना?"

"तू तिची बाजू घेऊ नकोस गं. मला कळत नाही का, तिला ही झाडं डोळ्यांसमोर नको होती?" तिने सूप चाखलं, तोंड वाकडं केलं. "बघ, हे असं अळणी खायचं. डॉक्टरांनी त्याचं मीठ तोडलंय, रक्तदाबासाठी. मीही त्याच्याबरोबर तेच खाते. आणि तरी घरात मीठ टिकत नाही. परवा डबा उघडला, तर तळाला चिमूटभर. मी विसरभोळी झालेय. कधी संपवते, माझं मलाच कळत नाही."

मी त्या डब्याकडे पाहिलं. चमचा हातात धरून बसले.

"तुला कितीदा सांगितलं तरी कळायचं नाही, गेझिना, मागच्या हिवाळ्यात काय झालं ते," ती सूप ढवळत म्हणाली. "पाय कापल्यापासून मी झोपले नव्हते. तो ओरडायचा आणि मी कोपऱ्यात उभी राहायचे, नुसती उभी. काय करणार? मग त्या संध्याकाळी त्याने तो धूर घेतला आणि थोड्या वेळाने म्हणाला, 'आल्मूट, थांबलं गं.' मी जमिनीवर बसून रडले. त्या रात्री मी आठ महिन्यांनी झोपले. म्हणून लावली झाडं. कोणाच्या दारात मागायला नको. आपल्या गॅलरीत, आपल्या हाताने."

तिला मटार आणायला खालच्या दुकानात जायचं होतं. ती गेली.

मी गॅलरीच्या दारापाशी गेले. हिनरिशची खुर्ची तिथेच रिकामी होती. दुपारच्या उन्हात तो रोज इथे बसायचा. मी पुन्हा कुंड्यांपाशी वाकले आणि या वेळी खपली कुठे आहे ते पाहिलं. उभा माणूस झारीने पाणी घालतो तेव्हा माती चहूकडून भिजते. इथे तसं नव्हतं. पहिल्या कुंडीत दाराकडच्या बाजूला जाड खपली, थरांवर थर, म्हणजे एकदाच नव्हे, अनेकदा. दुसरीत दाराकडच्या बाजूलाच, जरा पातळ. तिसरी सगळ्यात लांब, तिथे काठावर नुसती पांढरी रेघ. कठड्याजवळची कांद्याची पात त्याहून दूर, तिला स्पर्शही नाही.

मी त्या खुर्चीत बसले. ब्रेक लावला. हातात कप असल्यासारखा हात पुढे केला.

पहिल्या कुंडीवर तो आरामात पोचला. दुसरीसाठी जरा वाकावं लागलं. तिसरीपर्यंत जेमतेम बोटं गेली, तीही काठापर्यंतच.

"तुझ्याहून माझा हात थोडा लांब आहे," मागून हिनरिश म्हणाला.

५

तो कुबड्यांवर दारात उभा होता. घामाने चेहरा भिजलेला. मी उठून त्याला खुर्चीत बसवलं.

"का रे?" मी विचारलं.

"दार लाव."

"आल्मूट बाहेर गेलीय."

"तरी लाव."

मी दार लावलं. तो झाडांकडे वळला.

"त्याने थांबत नाही, गेझिना. कधीच थांबलं नाही. उलट धूर घेतला की तो पाय परत येतो. खरोखर येतो. बोटं मोजता येतात. आणि मग साखळी पडते. सावकाश पडते. रात्रभर पडत राहते."

"मग तू तिला सांगितलंस की…"

"पहिल्या दिवशी मी खोटं बोललो. तिचा चेहरा बघवत नव्हता. वाटलं, एक रात्र झोपू दे तिला. ती झोपली. घोरत होती बिचारी. मी बघत राहिलो. मग दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडाने सांगू, की कालचं खोटं होतं?" त्याने तोंड पुसलं. "मग तिने बिया आणल्या. रोज सकाळी झाडांशी बोलायची. पानं पुसायची. उन्हाळाभर मी इथे बसून माझाच फास वाढताना बघितला."

"म्हणून मीठ."

"ती बाजारात गेली की स्वयंपाकघरात जायचो. डबा खालच्या फळीवर असतो. कपभर पाण्यात कालवायचो, मांडीवर धरून आणायचो. थोडं थोडं. वाटलं, हळूहळू मरतील, रोग पडला म्हणेल. पुढल्या वर्षी लावायचा धीर होणार नाही. औषध चांगलं होतं, पण नशिबात नव्हतं, एवढं तिच्याजवळ राहील." तो माझ्याकडे वळला. डोळ्यांत राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "तू जीभ लावली नसतीस तर रोगावर भागलं असतं."

नुकसान कशाने झालं हे शोधून काढायची मला सवय. शोधून काढल्यावर लोकांचं काय होतं, ते बघायला मी कधी थांबत नसे. फाईल दुसऱ्या टेबलावर जायची.

"हिनरिश, योलांताचं घर उठेल. एक मूल गेलंसुद्धा."

"माहीत आहे. काल आंघोळ राहिली. पहिल्यांदाच." त्याने ब्रेक काढला. "ती आली की सांगतो. तू इथेच बस. एकट्याने जमणार नाही मला."

खाली जिन्यात आल्मूटची पावलं वाजली.

६

त्याने सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. मीठ, कप, खालची फळी. आल्मूट मटारची पिशवी हातात धरून उभी होती. ऐकून झाल्यावर तिने पिशवी टेबलावर ठेवली, त्याच्याजवळ गेली आणि त्याचे केस मागे सारले.

"किती रे भला तू," ती म्हणाली. "तिला वाचवायला स्वतःवर घेतोस."

"आल्मूट, मी घातलं."

"योलांता तुला आंघोळ घालते, म्हणून तुला तिचं वाईट वाटतं. मला कळतं."

तो माझ्याकडे बघू लागला. मग मी सुरू झाले. फोटोतली जळकी टोकं सांगितली, एकाच बाजूची खपली दाखवली, डब्यातलं संपणारं मीठ तिला तिच्याच शब्दांत ऐकवलं. तिचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं आणि तिचा हात कुंडीपर्यंत नेला. माझ्या साऱ्या नोकरीत इतका निर्विवाद दावा मी मांडला नसेन. एकही धागा सुटत नव्हता.

आल्मूट ऐकत होती. शेवटी म्हणाली, "असेल. पण त्याला आराम पडायचा. मी बघितलंय. झोपायचा तो. हो ना रे?"

हिनरिशने तोंड उघडलं. त्याला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. मी त्याचे ओठ बघत होते. आल्मूट त्याचा हात दोन्ही हातांत धरून खाली वाकली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याच्यापुढे तो शब्द त्याच्याने बाहेर काढवेना.

"पडायचा," तो म्हणाला.

ती पोलिसात गेली नाही, एवढं मात्र झालं. संध्याकाळी तिने योलांताचं दार वाजवलं, चूक झाली म्हणाली आणि किल्ली पुढे केली. योलांताने माफी ऐकून घेतली. किल्ली घेतली नाही. त्या आठवड्यात आणखी एका आईने आपलं मूल काढून घेतलं. दोन मुलांवर योलांताचं भाडं निघत नव्हतं, आणि नाताळाआधी ती बहिणीकडे ब्रेमरहाफेनला निघून गेली. हिनरिशच्या आंघोळीला आता हेर डेटमान खाली येतो. येताना आणि जाताना पाठदुखीची तक्रार करतो.

पुढच्या एप्रिलमध्ये जिन्यात मला आल्मूट भेटली. खोक्यात तीन कोवळी रोपं, ओल्या कागदात गुंडाळलेली. मला राहवलं नाही.

"आल्मूट, त्याने तुला खरं तेच सांगितलं होतं."

तिने खोकं पायरीवर ठेवलं आणि बाजूला बसली. तिने रोपांवरचा ओला कागद जरा सैल केला.

"मला तेव्हाच पटलं होतं," ती म्हणाली. "तू माझा हात कुंडीवर नेलास ना, तेव्हाच."

"मग?"

"इस्पितळात विचारून आले. नवीन काही नाही म्हणाले. जुनं सगळं देऊन झालंय." तिने एका रोपाचं वाकलेलं पान बोटाने सरळ केलं. "मी मानलं असं त्याला कळू दिलं, तर उद्या तो ओरडायला लागेल. मोकळेपणाने ओरडेल. आणि मी त्याला काय देऊ, गेझिना? तू सांग. काय देऊ?"

मी तिच्याजवळ पायरीवर बसले. वरच्या मजल्यावर कोणीतरी खिडकी उघडली. तिने थोडा वेळ माझ्या उत्तराची वाट पाहिली, मग खोकं उचललं आणि कठड्याला धरून वर चढू लागली.